बापाच्या जीपला मोठी चाकं

झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका गावाला मंगळवारचा बाजार भरतो. त्या बाजाराच्या वाटेवर श्रावणात माझी जीप अडकली. अडकली म्हणजे चिखलात रुतली नव्हती. ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि दोन चाकोऱ्यांच्या मधे मातीचा उंच वरंबा राहिला होता. जीपची चाकं चाकोऱ्यांत उतरली आणि पोट त्या वरंब्यावर टेकलं. मी ॲक्सिलरेटर दाबला की चाकं नुसती जागच्या जागी फिरत. गाडी इंचभर हलेना.

मागं बाजाराच्या बाया बसल्या होत्या. एक कांदे-लसूणवाली, दोघी बांगड्यावाल्या, आणि सुकट विकणारी मावशी. माझा स्वतःचा माल भांड्यांचा, स्टीलची आणि प्लास्टिकची. सगळ्या उतरल्या, ढकललं, साड्या चिखलानं माखून घेतल्या. शेवटी मागून एक ट्रॅक्टरवाला आला. त्यानं दोर बांधून आम्हाला ओढून बाहेर काढलं. त्याबद्दल मी त्याचे आभार मानले. पण दोर सोडताना तो म्हणाला, "बाई, हे गाडी आता अंगणात उभी करा अन् वरतून वालाचा वेल चढवा. शेंगा तं भेटतीन."

त्याच्याबरोबरचे लोक हसले. बांगड्यावाल्या दोघी पण हसल्या, कारण वाक्य खरंच हसण्यासारखं होतं. मी हसले नाही. मी गाडीखाली पडून बघत होते.

मागच्या एक्सलच्या मधे लोखंडाचा एक मोठा गोळा असतो, त्याच्या आत चाकं फिरवणारे दाते असतात. जीपच्या पोटाखाली सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू तीच. त्या गोळ्यानं वरंब्यात नांगर फिरवल्यासारखी रेघ पाडली होती. मी जमिनीपासून गोळ्यापर्यंत वीत लावली. वीत पुरती बसली नाही, अंगठा दुमडावा लागला. तिथंच चिखलात पडल्यापडल्या माझ्या लक्षात आलं की या गाडीला मोठी चाकं लागतील, आणि ती मीच बसवीन.

जीप माझ्या वडिलांची. ते सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. खात्यानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या तेव्हा त्यांनी ज्या गाडीवर नोकरी काढली तीच विकत घेतली. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, घाटंजीबाहेरच्या उघड्या माळावर, मी फ्रॉक सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागले त्या वर्षी. तेव्हा लोक त्यांना म्हणायचे, पोरीला कशाला शिकवता, ती काय ड्रायव्हर होणार आहे? ते म्हणायचे, "झाली तं झाली." पुढं माझं लग्न झालं, मी सासरी गेले, आणि काही वर्षांनी सासर सोडून परत आले. गावात म्हणतात की नवऱ्यानं टाकलं. कोणी टाकलं नव्हतं. मी माझी पेटी उचलली आणि एसटीत बसले. परत आले तेव्हा वडिलांचे गुडघे गेलेले होते, त्यांना क्लच दाबवत नव्हता. जीप अंगणात उभी होती. मी तिची बॅटरी बदलली आणि बाजार करायला लागले.

त्या दिवशी घरी येऊन मी वडिलांना सांगितलं, "बाबा, जीपले मोठे टायर टाकतो म्हणते मी. डिस्कसकट." डिस्क म्हणजे ज्यावर टायर चढवतात ते लोखंडी चाक.

ते अंगणात लोखंडी खुर्चीवर बसलेले. त्यांनी आधी माझ्या चिखलानं भरलेल्या कपड्यांकडं पाहिलं, मग जीपकडं.

"काहून? ह्या चाकाईले काय झालं?"

"गाडी टेकते खाली."

"मंग कमानीचे पट्टे वाढव. मिस्त्री एकेक पट्टा जास्तीचा टाकून देईन. उंच होते."

"पट्ट्यानं वरची गाडी उंच होते, बाबा. खालचा गोळा तिथंच राह्यते. थो चाक मोठं केल्याशिवाय वर येत नाई."

मी म्हटलं ते खरं होतं हे त्यांना कळत होतं. पण खरं असणं आणि पटणं या दोन गोष्टी आमच्या घरात कधी एकत्र नांदल्या नाहीत.

"मी अख्खी नोकरी ह्याच चाकावर काढली," ते म्हणाले. "जंगलात गेलो, नाल्यातून गेलो. गाडी बनवणाराले अक्कल नव्हती का? त्यानं जे चाक देल्लं थेच तिचं चाक. मोठ्या चाकानं स्टेअरिंग जड होते, ब्रेक लागत नाई. गाडी पलटन एखाद्या दिवशी."

"तुमी गेलते तवा ट्रॅक्टर कुठं होते एवढे?"

"माह्या गाडीले हात लावाचा नाई," ते म्हणाले, आणि काठी टेकत आत गेले.

मी दुसऱ्या दिवशी मिस्त्र्याकडं गेले. आमच्या जीपचं इंजिन वर्षानुवर्षं त्याच्याच हातून गेलेलं. त्यानं चहा मागवला, माझं सगळं ऐकलं आणि हसून म्हणाला, "ताई, हे काम तुमच्या भावाले घेऊन या, मंग बोलू."

"भाऊ जीप चालवत नाई. मी चालवते."

"थे खरं हाय. पण उद्या काई झालं तं मले लोक इचारतीन, बाईचं ऐकून कायले काम केलं?"

मी चहा तसाच ठेवून उठले. त्याच्यावर माझा राग आहे असं नाही, माणूस चांगला होता. पण बाईच्या सांगण्यावरून त्यानं कित्येकदा माझ्या गाडीचं ऑइल बदललं होतं, पंक्चर काढलं होतं, बाईचे पैसे घेतले होते. तेव्हा त्याला भाऊ आठवला नव्हता.

संध्याकाळी यवतमाळहून भावाचा फोन आला. म्हणजे मिस्त्र्यानं लगेच कळवलं होतं. भाऊ थोरला, ऑफिसात कारकून. तो म्हणाला, "काय चाललं तुयं? लोक हसून राह्यले. बाजार कराचा तं बसस्टँडजवळ दुकान टाक. जंगलात जाऊन भांडे विकाची काय गरज हाय?"

"तिथल्या बायाईले भांडे लागत नाई का?"

"थे येतीन नं पांढरकवड्याले."

"कशात बसून येतीन, दादा?"

त्यानं फोन ठेवला.

हे त्याला फोनवर समजावून सांगता आलं नसतं. पावसाळ्यात त्या गावांना एसटी जात नाही. बाजाराच्या बायांना नेणारा टेम्पोवाला डांबरी जिथं संपते तिथं गाडी थांबवतो आणि म्हणतो, उतरा, पुढं माझी गाडी जात नाही. मग सुकटवाली मावशी डोक्यावर पाटी घेऊन चिखल तुडवत जाते, आणि ती पोचेपर्यंत बाजार अर्धा उठलेला असतो. तिकडं कोलामांचे पोड आहेत, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्त्या. तिथल्या बाया कोस-कोस चालून बाजाराला येतात आणि विकणारेच आले नाहीत म्हणून रिकाम्या हातानं परत जातात. एकदा एका म्हाताऱ्या कोलाम बाईनं माझ्याकडून एक गंज, म्हणजे उभं पातेलं, विकत घेतला. पैसे देऊन झाल्यावर तिनं माझा दंड धरला आणि विचारलं, पुढच्या बाजारी येशीन का? मी म्हटलं, येईन. माझा सगळा हट्ट त्या 'येईन'मधून आलेला होता. मी शब्द दिला होता आणि तो शब्द टायरच्या मापापायी मोडत होता.

यवतमाळला जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकणारा एक दुकानदार आहे. मी आमच्या जीपची स्टेपनी सोबत घेऊन गेले आणि त्याला म्हटलं, याच नटांवर बसेल अशी रुंद डिस्क पाहिजे आणि तिच्यावर मोठा, खोल नक्षीचा टायर. त्यानं ढिगाऱ्यातून पाच डिस्का काढल्या. मी प्रत्येक डिस्क आमच्या चाकावर ठेवून भोकं जुळवून पाहिली. मधलं भोकसुद्धा जुळवलं, कारण नट बसले आणि मधे अडलं तर काय उपयोग? टायर नवे घेतले. दुकानदारानं 'गाडी कोणाची' विचारलं. मी म्हटलं माझी. त्यानं पुढं काही विचारलं नाही. यवतमाळात ओळख नसल्याचा हा एक फायदा.

चाकं घरी आणून अंगणात टेकवून ठेवली. वडील खुर्चीवरच होते. त्यांनी चाकांकडं पाहिलंच नाही. बाईमाणूस घरात नको असलेली सोयरीक आली की कसं पदर नीट करत दुसरीकडं बघते, तसे ते समोरच्या रिकाम्या सुपाकडं बघत बसले.

मी सुकटवाल्या मावशीला बोलावलं. मावशी साठीच्या पुढची, पण हातात जोर. जॅक लावला, पाना लावला, पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला. उजवीकडची चाकं निघाली. डावीकडं आलो आणि नट हलेना. मी पाइपवर उभी राहिले. मावशी माझ्या खांद्याला धरून तीही उभी राहिली. नट हलेना. रॉकेल टाकलं, हातोडीनं ठोकलं, परत चढलो. मावशी म्हणाली, "पोरी, हे जंगानं गेलं. कापा लागन."

वडील बघत होते. सुपाकडं नाही, आता सरळ आमच्याकडं. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. मी तिसऱ्यांदा पाइपवर चढले तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"अव, उलटा फिरवा थो," ते ओरडले. "डाव्या अंगाचे नट उलटे असते ह्या गाडीचे. तुमी कसून राह्यल्या त्याले."

मी खाली उतरले. जुन्या जीपांना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. डावीकडची चाकं मी आधी कधी स्वतः काढलीच नव्हती, पंक्चरवाला काढायचा. मी पाना दुसऱ्या बाजूनं लावला, आणि इतका वेळ आम्ही कसलेला नट करकरत सुटला.

"मदत नाई केली मी," वडील म्हणाले. "बोल्ट तुटला असता म्हणून सांगतलं."

"समजलं, बाबा."

मोठी चाकं बसली. जॅक काढला तशी जीप वेगळीच दिसली. मावशी म्हणाली, "हे तं बैलावानी छाती काढून उभी राह्यली व."

मी चालू केली आणि अंगणाबाहेर काढून स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. लगेच खर्र असा आवाज. टायर आतल्या बाजूला पट्ट्यांना घासत होता, आणि खड्ड्यात चाक उचललं की वर मडगार्डला. वडिलांनी खुर्चीवरून नुसती मान हलवली. त्या मानेत सगळं होतं. शेजारी दारात येऊन उभे राहिले होते, त्यांच्यासाठीही ती मान पुरेशी होती.

इथं मला रडू आलं हे मी लपवत नाही. पण रडत रडतच मी गाडीखाली शिरले. चाक किती वळावं हे ठरवणारा एक बोल्ट पुढच्या चाकाच्या मागं असतो. तो थोडा बाहेर काढला की चाक कमी वळतं आणि पट्ट्याला लागत नाही. म्हणजे गाडी वळवायला जागा जास्त लागणार. लागू दे. जंगलात जागा आहे. मडगार्डचं मात्र कापण्यावाचून चालणार नव्हतं. मी खडूनं रेघ मारली आणि करवत हातात घेतली.

पत्र्याला करवत लागल्याचा आवाज वडिलांना सहन झाला नाही. त्या मडगार्डला ते पोळ्याला बैलासारखी हळद लावत, दसऱ्याला झेंडूचा हार घालत. ते उठले आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. मी कापत राहिले. कापलेली कड कानशीनं घासून गोल केली, म्हणजे टायर चिरणार नाही, आणि उघड्या पत्र्यावर रंग फिरवला. रेघ सरळ आली. रात्री वडील माझ्याकडं पाठ करून जेवले. मीही 'चुकलं' म्हटलं नाही, कारण चुकलं नव्हतं.

रविवारी भाऊ आला. बाहेर चप्पल काढायच्या आधीच त्यानं कापलेलं मडगार्ड पाहिलं.

"बाबा, हे गाडी विकून टाकू," तो म्हणाला. "कागद तुमच्या नावावर हाय. मी गिऱ्हाईक पाह्यतो. हिनं तिचा सत्यानाश केला."

मी चुलीजवळून बाहेर आले. "गिऱ्हाईक आण," मी म्हटलं. "मी मागं बसून राहीन, उतरणार नाई. मलेही विकाची असन तं वीक."

"पाहा बाबा, कशी बोलते."

वडील काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत म्हणाले, "गाडी मायी हाय. विकाची का ठेवाची थे मी सांगन. अन् कापलेली गाडी कोण घेते? तिनं बिघडवली, आता तिनंच चालवा."

ही माझी बाजू घेतली असं मी मानत नाही. त्यांना राग होता आणि तो खराच होता. पण भावाला त्यांनी नाही म्हटलं, एवढं मला पुरलं.

पोळ्याच्या आधीचा बाजार हा आमचा वर्षातला मोठा बाजार. त्या बाजारात मी भांड्यांबरोबर बैलांचा साजही ठेवते, घुंगरू, झुली, वेसणी, रंग. त्या आठवड्यात पाऊस झोडपत होता. डांबरी संपते तिथं टेम्पो उभा होता आणि बाया उतरून कडेला झाडाखाली थांबल्या होत्या. टेम्पोवाला मला म्हणाला, "जाऊ नोका, बाई. ट्रॅक्टर पण सकाळी वापस आला."

मी जीप थांबवली आणि बायांना म्हटलं, "जिले याचं असन तिनं या."

मावशी आधीच माझ्या गाडीत होती. बांगड्यावाल्या चढल्या. बाकीच्या दोघी-तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या, मग त्याही चढल्या. नव्या मापाची स्टेपनी बाजूच्या कडीत मावत नव्हती म्हणून ती मागं आडवी टाकलेली. तिच्यावर बसून एक जण म्हणाली, "बाप्पा, हे तं गादीच हाय."

मी गाडी चार चाकांच्या गिअरात टाकली, मग हळूच्या गिअरात, आणि चाकोरीत उतरले. स्टेअरिंग इतकं जड होतं की खांद्यापासून मनगटापर्यंत शिरा ओढल्या जात होत्या. वडिलांनी सांगितलेलं अगदी खरं होतं. पण खालून जो आवाज येण्याची मी वाट बघत होते, लोखंड मातीत घुसल्याचा, तो आला नाही. वरंब्याचं गवत पोटाला घासत गेलं, बस. त्या दिवशी जिथं अडकलो होतो ती जागा आली आणि गेली. मावशीनं सीटच्या दांडीवरचा हात तेवढा सैल केला.

नाल्याच्या उतारावर मात्र मला घाम फुटला. समोरून एक जण बैलजोडी धुऊन वर आणत होता आणि मी ब्रेक दाबला तो नेहमीच्या जागी लागला नाही. मोठं चाक थांबायला वेळ घेतं. गिअरनं गाडी आवरली, बैल बाजूला झाले. त्या माणसानं मला कोलामीत काहीतरी सुनावलं. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला, आणि तो मी ऐकून घेतला. तेव्हापासून उतारावर मी आधीच गिअर पाडते. शिकायचं ते शिकायचं, चाकं काढायची नाहीत.

बाजारात त्या दिवशी आम्ही सोडून बाहेरून आलेलं कोणी नव्हतं. मावशीची पाटी दुपारच्या आत रिकामी झाली. माझ्याकडचे घुंगरू संपले. एका पोरीला गुलाबी रंगच पाहिजे होता तिच्या गोऱ्ह्याच्या शिंगांसाठी. तो संपला होता, तर ती हिरवा घेऊन रुसून गेली. ती म्हातारी कोलाम बाई आली. तिनं काही घेतलं नाही. दुकानाजवळ बसली, माझ्या डब्यातली अर्धी भाकर खाल्ली, आणि मोठ्या चाकांना दोनदा हात लावून गेली.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "ब्रेक?"

"उशिरा लागतो."

"सांगतलं होतं." मग म्हणाले, "मिस्त्र्याले ब्रेकची पट्टी नवी टाकाले सांग. भावाले घेऊन जाऊ नोको. मी येतो."

आणि आले. जीप उंच झाल्यामुळं त्यांना चढता येईना, म्हणून मी पाट ठेवला. गॅरेजात त्यांनी मिस्त्र्याला काय सांगायचं ते मला सांगू दिलं आणि स्वतः काठीवर हात ठेवून बसून राहिले. मिस्त्री प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडं बघायचा. ते प्रत्येक वेळी माझ्याकडं बोट करायचे.

चाकं चांगली झाली असं मात्र ते आजवर म्हणाले नाहीत. मीही म्हणवून घेतलं नाही. जीप आता डिझेल जास्त पिते, चढावर एक गिअर खाली मागते, काटा दाखवतो त्याच्यापेक्षा जोरात धावते, आणि चौकात वळवायची तर एकदा मागं घ्यावी लागते. हे सगळं मला कोणी सांगायला येऊ नये, मला माहीत आहे. चालवते मी.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत भाऊ घरी आला. त्याच्या सासरच्या लोकांना जंगलातल्या एका देवस्थानाला जायचं होतं आणि तिकडं कोणाची गाडी जायला तयार नव्हती. त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला.

"मी चालवीन," मी म्हटलं. "तू मागं बस."

तो बसला. त्याची सासू माझ्या शेजारी बसली आणि वाटभर भांड्यांचे भाव विचारत राहिली. खडकाळ नाल्यात गाडी तिरकी झाली तेव्हा आरशात मला दिसलं, भावानं दोन्ही हातांनी दांडी धरली होती आणि डोळे मिटले होते. मी गाडी सावकाश वर काढली. उतरल्यावर तो चाकाजवळ उभा राहिला, बुटाच्या टोकानं टायर दाबून पाहिला, आणि देवाकडं निघून गेला.

टायर आता झिजत आलेत. पुढच्या पावसाळ्याआधी नवे घ्यावे लागतील. याच मापाचे घेईन.